‘पाणी’ हा शब्द किती अवघड असतो!

चार वर्षांच्या मुलाला तहान लागली आहे. ‘पाणी हवं का?’ विचारलं की ते जोरजोरात मान हलवतं, पेल्याकडे बोट दाखवतं. पण स्वतः म्हणायला गेलं की एकदा ‘बाणी’, मग ‘पाडी’, तिसऱ्यांदा नुसतंच ‘आई’. आणि मग रडू.

‘पाणी’ म्हणताना आपल्या तोंडात काय काय चालतं ते बघा. ‘प’साठी ओठ मिटतात, त्या क्षणी स्वरयंत्र गप्प असतं. ते जरा आधी थरथरलं की ‘प’चा ‘ब’ झालाच. मग जबडा खाली येतो. ‘ण’साठी जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, आणि त्याच वेळी मऊ टाळू खाली उतरून हवा नाकात सोडते. ती उतरायची चुकली, की ‘पाणी’चं ‘पाडी’. हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात, आणि त्याचा आराखडा आधी मेंदूत तयार व्हावा लागतो.

हा आराखडाच नीट बनत नाही, त्या विकाराला ‘चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ म्हणतात. जीभ-ओठ कमजोर नसतात, कानही चांगले असू शकतात. समज तर बोलण्याच्या कितीतरी पुढे असते. साधारण हजारात एक-दोन मुलांना हा विकार असावा असा अंदाज आहे. बोबडं मूल ‘काका’ला दरवेळी ‘ताता’च म्हणतं, इथे तोच शब्द दरवेळी वेगळा बिघडतो. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने 2007 साली मुख्य खुणा नोंदवल्या, त्यात ही पहिली. एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणं आणि बोलण्याची लय, आघात चुकणं या बाकीच्या दोन.

हे नाव लोकांपर्यंत पोचवण्यात आईवडिलांचा वाटा फार मोठा आहे. शॅरन ग्रेट्झ यांच्या मुलाला अप्रॅक्सिया होता. त्यांनी 2000 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये संस्था काढली; आज ती ‘अप्रॅक्सिया किड्स’ म्हणून ओळखली जाते. गावोगावी कुटुंबं मुलांना घेऊन पदयात्रा काढू लागली. 2013पासून 14 मे हा जागृतीचा दिवस ठरला, आणि आपापल्या राज्याच्या गव्हर्नरने तो जाहीर करावा म्हणून पालकच अर्ज घेऊन गेले. मला यात नुसती हौस दिसत नाही. या मुलाच्या अंगावर काहीच दिसत नाही, त्यामुळे विकाराला नाव मिळेपर्यंत लोक त्याला हट्टी किंवा मंद ठरवून मोकळे होतात.

आणि आईला दोषी. त्या बाबतीत लंडनच्या एका कुटुंबाने जगाला बरंच शिकवलं. शास्त्रज्ञ त्याला ‘केई’ कुटुंब म्हणतात. तीन पिढ्यांतल्या जवळजवळ निम्म्या माणसांना बोलायला असाच त्रास होता. 2001 साली त्याचं मूळ सापडलं: सातव्या गुणसूत्रावरच्या ‘फॉक्सपी2’ या जनुकातला एक बदल. अप्रॅक्सिया असलेल्या बहुतेक मुलांत हे जनुक ठीक असतं, कारणं वेगवेगळी असतात. पण आई कमी बोलली म्हणून हा विकार होत नाही, हे नक्की.

आपल्याकडे काय ऐकू येतं? ‘आमचाही पाचव्या वर्षी बोलला.’ ‘मोबाइल काढून घ्या.’ ‘जिभेला वेखंड लावा.’ सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण त्यात दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि ती परत मिळत नाहीत. दोन वर्षांचं मूल मोजकेच शब्द बोलत असेल तर आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था 1983पासून याच कामासाठी आहे.

उपचार म्हणजे रियाज. तबल्याचा बोल हातात बसावा तसा शब्द तोंडात बसवायचा. थोडा थोडा वेळ, पण आठवड्यातून अनेकदा. थेरपिस्ट मुलासमोर बसते. ‘माझ्या तोंडाकडे बघ.’ दोघं मिळून, अगदी सावकाश, ‘पाऽणीऽ’. पुन्हा. पुन्हा. जमायला लागलं की ती आवाज काढायचा थांबवते, नुसते ओठ हलवते. नंतर आधी ती म्हणते, मग ते मूल. शेवटी ती फक्त पेला पुढे धरते आणि थांबते. दारापाशी बसलेली आईही ओठ मिटून थांबलेली असते.