पासवर्ड सांगता येत नाही, बदलता येतो

परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात लॅबच्या दारापुढे रांग लागते. "सर, पासवर्ड इसरलो. तुमच्या कम्प्युटरात असनच ना जी, पाहून सांगा ना!" तो तिथे नाहीच, असं म्हटलं की मुलांना वाटतं, सर टाळतात. पण तो खरंच नसतो.

लॅबमधून नेटवर जाणारी प्रत्येक विनंती आधी प्रॉक्सी सर्व्हरकडे जाते. तो नाव आणि पासवर्ड विचारतो, जुळलं तरच पुढे सोडतो. मूळ पासवर्ड जवळ नसताना तो जुळवतो कसा, यातच खरी गंमत आहे.

१२३४ ला ९७ ने भागा, बाकी ७० उरते. आता कुणाला नुसतं ७० सांगितलं, तर मूळ संख्या १२३४ होती, १६७ होती की २६४, हे तो कसं ओळखेल? पासवर्डापासून असाच मागे न फिरणारा आकडा, म्हणजे ठसा, काढण्याला हॅशिंग म्हणतात. ते याच जातीचं, पण फार पुढचं. भागाकारात ७० बाकी उरणारी दुसरी संख्या चुटकीसरशी सापडते. एसएचए-२५६ या पद्धतीत मात्र एकच ठसा देणारे दोन मजकूर अजून कुणालाही सापडलेले नाहीत. एक अक्षर बदललं तरी ठशातले सुमारे निम्मे बिट (० किंवा १ चे घर) बदलतात. सर्व्हर फक्त ठसा ठेवतो. तुम्ही टाइप केलेल्याचा पुन्हा ठसा काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो.

तरी एक फट राहते. आमच्याकडे शेगावच्या महाराजांवर श्रद्धा, त्यामुळे कितीतरी जणांचा पासवर्ड 'गजानन१२३'. (टाइप करताना मुलं मोठ्यानं म्हणतात, म्हणून मला ठाऊक.) पासवर्ड सारखा तर ठसाही सारखा; एक फुटला की सगळे फुटले. म्हणून ठसा काढण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळी यादृच्छिक चिमूट मिसळतात, तिला सॉल्ट म्हणतात. बेल लॅब्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली ही युक्ती मांडली. त्यांचं सॉल्ट १२ बिटांचं होतं, म्हणजे एकाच पासवर्डाचे ४०९६ वेगवेगळे ठसे. सॉल्ट ठशाशेजारी उघडं ठेवलं तरी चालतं, कारण चोराला प्रत्येकासाठी नव्याने राबावंच लागतं. १९९९ ची बीक्रिप्ट ही ठसा काढण्याची पद्धत तर मुद्दाम संथ केलेली आहे: त्यातला एक आकडा एकाने वाढवला की मेहनत दुप्पट.

पासवर्डात 'लकी नंबर' घातल्याने यातलं काहीच घडत नाही. जन्मतारीख तर चोर सुरुवातीलाच तपासतो. दर महिन्याला सक्तीने पासवर्ड बदलायला लावण्यालाही माझा विरोध आहे. मुलं १२३ चं १२४ करतात, बस. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ही सक्ती नको म्हटलं. फुटल्याचा पुरावा दिसला की मात्र बदलायलाच लावा.

तेव्हा रांगेतल्या मुलाला मी खुर्चीत बसवतो, नवा पासवर्ड त्यालाच दोनदा टाइप करायला सांगतो आणि तोंड फिरवतो. फाइलमध्ये जुन्या ठशाच्या जागी नवा येतो. विसरला असेल तर एवढं पुरतं. चोरीला गेला असेल तर आणखी एक काम उरतं. स्क्विड हा आमचा प्रॉक्सी एकदा तपासलेली नाव-पासवर्डाची जोडी लक्षात ठेवतो, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दोन तास. तेवढ्या वेळात चोराच्या हातातला जुना पासवर्डही चालू शकतो. म्हणून अशा वेळी मी प्रॉक्सी लगेच बंद करून पुन्हा सुरू करतो, लॅबभर "नेट गेलं!" अशी ओरड झाली तरी.