काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह

काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह : (२ मार्च १९३० – ऑक्टोबर १९३५). नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला अहिंसक लढा. त्याची स्थानिक सूत्रे आंबे-दिंडोरीचे भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्या हाती होती. गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले ते १२ मार्च १९३० रोजी. नाशिकचा सत्याग्रह त्याच्या दहा दिवस आधी सुरू झाला. अहिंसक प्रतिकाराचा जागतिक इतिहास सांगताना मार्च १९३० म्हटले की मिठाचीच आठवण निघते. त्याच महिन्यात गोदाकाठी हजारो माणसे देवळाच्या बंद दारांपुढे बसली होती, हे मात्र अजूनही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मंदिर पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले. भोवती उंच तट, त्याला चार दिशांना चार दरवाजे, आत काळ्या दगडाचे देऊळ आणि काळ्या पाषाणाच्या राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती. दगड रामशेजच्या डोंगरातला, असे नाशिककर सांगतात. सीतागुंफा इथून हाकेच्या अंतरावर, रामकुंडही जवळच. वनवासी रामाचे वास्तव्य इथे झाले अशी श्रद्धा असल्याने या स्थानाचे माहात्म्य मोठे. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतला दलित समाजही रामाला मानत होता. त्याच्या वाट्याला दर्शन तेवढे येत नव्हते.

हा लढा एकाएकी उभा राहिला नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सुरुवात झाली होती. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न निघाला, १९२९ मध्ये पुण्याला पर्वतीवर सत्याग्रह झाला. नाशिकचे वेगळेपण संख्येत आणि चिकाटीत आहे. इतका मोठा आणि इतका लांबलेला मंदिर प्रवेशाचा लढा महाराष्ट्रात दुसरा झाला नाही.

२ मार्चचा रविवार. सकाळी खास उभारलेल्या मंडपात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. चरित्रकार धनंजय कीर यांनी दिलेल्या वर्णनानुसार लोक चारचारांच्या रांगेत चालत होते आणि रांग मैलभर लांब होती. पुढे बँड, मागे स्वयंसेवक, त्यांच्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया आणि मग बाकीचा समुदाय. एकंदर आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी, जिथे या माणसांनी रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालावे अशी अपेक्षा असे, तिथे ती रस्त्याच्या मधून, रांगेने, वाद्ये वाजवत चालली. मंदिरात पाऊल पडले नाही तरी त्या दुपारी काही तरी कायमचे बदलले होते, असे प्रस्तुत नोंदकाराला ठामपणे वाटते. मिरवणूक मंदिराशी पोहोचली तेव्हा सगळे दरवाजे आतून बंद होते आणि जिल्ह्याचे अधिकारी पोलिसांसह बाहेर उभे होते. दारावर धडक न मारता लोक गोदावरीच्या घाटाकडे वळले. तिथे सभा झाली आणि रात्री सत्याग्रह पुकारण्याचे ठरले.

दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी बसली. तीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या आणि चारही दारांवर त्यांची वाटणी झाली होती. हे लोक दारासमोर ठाण मांडून भजने म्हणत. आपली पाळी कधी येते याची वाट पाहणारे हजारो जण मागे होते. दार उघडले की आत शिरायचे, अडवले तर प्रतिकार न करता अटक करून घ्यायची, हा दंडक होता. पण सनातनी मंडळींनी दारच उघडले नाही. अस्पृश्यांना आत येऊ द्यायचे नाही म्हणून सवर्ण भाविकांचेही दर्शन बंद झाले. शहरात समेटासाठी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, तीही दगडफेकीने उधळली गेली.

पुढे चैत्र आला. काळारामाचा रथोत्सव हा नाशिकचा मोठा सण. रथाचा दोर ओढण्याचा मान तालमीतले तरुण आजही जपतात. १९३० साली अशी तडजोड ठरली की दोन्ही बाजूंच्या तरुणांनी मिळून रथ ओढायचा. ९ एप्रिलला बाबासाहेब निवडक कार्यकर्त्यांसह मंदिरापाशी आले. सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच दुसऱ्या बाजूच्या लोकांनी रथ पळवला आणि अरुंद गल्लीत दगडांचा वर्षाव सुरू झाला. भास्कर कद्रेकर हा तरुण पोलिसांचे कडे फोडून रथापर्यंत गेला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांना वाचवण्यासाठी कार्यकर्त्यांनी त्यांच्यावर छत्र्या धरल्या, तरी त्यांना थोडी इजा झालीच. ठरलेला शब्द मोडला गेला होता आणि समोर रक्त सांडले होते. अशा वेळी हजारोंच्या जमावाला आवरून धरणे ही या लढ्यातली सर्वांत अवघड कामगिरी मानली पाहिजे. अहिंसेची परीक्षा अशाच क्षणी होते.

किंमत मोजली ती खेड्यांनी. शहरातले सत्याग्रही निदान जमावाने होते. गावाकडे दोन-चार घरांना सगळ्या गावाशी सामना करावा लागला. मुलांना शाळेतून काढले, रहदारीचे रस्ते बंद केले, दुकानदारांनी जिन्नस देणे थांबवले. शेतमजुरी आणि बलुत्यावर जगणाऱ्या माणसाला हा बहिष्कार उपासमारीच्या दारात नेणारा होता. तरीही गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकड्या बांधणे, वर्गणी गोळा करणे, गावोगाव सभा घेणे चालू ठेवले. बाबासाहेब १९३० च्या अखेरीस गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि तिथूनही पत्रांतून मार्गदर्शन करत राहिले. रामकुंडावर स्नानाचा हक्क बजावण्याचाही प्रयत्न झाला. गायकवाडांनी तुरुंगवास भोगला. दर चैत्रात प्रश्न नव्याने पेटे, आणि दार बंदच राही.

दार का उघडले नाही, याचे उत्तर इतर देशांतल्या आंदोलनांशी ताडून पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खानपानाच्या काउंटरवर बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. कृतीची ठेवण नाशिकसारखीच : जिथे मज्जाव आहे तिथे शांतपणे जाऊन बसायचे. पण त्या दुकानाचा धंदा बुडत होता. जुलैअखेरीस काउंटर सर्वांना खुला झाला. त्याआधी १९५५-५६ मध्ये माँटगोमेरीत ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला तेव्हा बहुतेक उतारू कृष्णवर्णीयच असल्याने बस कंपनीची कोंडी झाली. प्रतिपक्षाला ज्याची गरज आहे असे काही तरी आंदोलकांच्या हाती असावे लागते. नाशिकच्या सत्याग्रहींच्या हाती तसे काही नव्हते. मंदिराचे उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून नव्हते. उलट रोजची भाकरी प्रतिपक्षाच्या शेतात होती. सरकारने धर्माच्या भानगडीत न पडण्याचे धोरण ठेवले आणि बंदोबस्तावर भागवले. उरले होते ते सवर्णांच्या सदसद्विवेकाला आवाहन, आणि पाच वर्षांत त्याला उत्तर आले नाही. काही सवर्ण सहकारी शेवटपर्यंत सोबत राहिले, हे खरे. पण समाज म्हणून हलचल झाली नाही.

केरळात चित्र थोडे निराळे होते. त्रावणकोर संस्थानातील वैकोमचा सत्याग्रह (१९२४-२५) मंदिराभोवतीच्या रस्त्यांपुरता होता आणि समेटात तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. गुरुवायूरला १९३१-३२ मध्ये मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तरी दार उघडले नाही. मात्र त्रावणकोरच्या महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी आपल्या संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. तिथे एका राज्यकर्त्याचा हुकूम पुरेसा होता. नाशिकला असा हुकूम काढणारा कोणी नव्हता.

बाबासाहेबांनी हे सगळे जोखले होते. ३ मार्च १९३४ रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी भूमिका साफ मांडली. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा देवळात गेल्याने ते बरोबरीचे होतील, या समजुतीने हा लढा आपण सुरू केला नव्हता. त्यांच्यात चैतन्य आणून आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून केला, आणि ते काम झाले असल्याने आता शक्ती राजकारणाकडे व शिक्षणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. काही अभ्यासक याला माघार समजतात. ते पटण्यासारखे नाही. शिस्तीने एकत्र येणे, मार खाऊनही हात न उचलणे, वर्षानुवर्षे संघटना टिकवणे हे सारे नाशिक जिल्ह्यातल्या माणसांनी याच लढ्यात आत्मसात केले होते. दरवाजा उघडण्यापेक्षा ती कमाई मोठी होती.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवले येथे परिषद भरली. आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी तिथे केली आणि मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह थांबवण्याचा ठराव झाला. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

मंदिरांची दारे उघडली ती कायद्याने. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला, आणि राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच रद्द केली. दादासाहेब गायकवाड पुढे लोकसभेत आणि राज्यसभेत गेले, पण सत्याग्रहाचे हत्यार त्यांनी खाली ठेवले नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांनी भूमिहीनांना पडीक सरकारी जमीन मिळावी म्हणून मोठे सत्याग्रह उभारले. लाखो माणसांनी त्यांत स्वतःहून अटक करून घेतली. या वेळी मागणी दर्शनाची नव्हती, कसायला जमीन मिळावी ही होती.