हजेरी, घोंगडी आणि पाठ्यपुस्तक

कोल्हापूरच्या शाहू महाराजांवरचा धडा शाळेत कधी ना कधी येतोच. १९०२चं पन्नास टक्के आरक्षण, वसतिगृहं, १९१७चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. परीक्षेला हेच विचारतात. १९१८मध्ये महाराजांनी बंद केलेली हजेरी मात्र कोल्हापुरातल्या पोरांनाही फारशी ठाऊक नसते.

हजेरी म्हणजे काय? महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांनी रोज गावकामगारापुढे उभं राहून आपण गावातच आहोत हे दाखवायचं. परगावी जायचं तर आधी परवानगी. गुन्हा केलेला असायची गरज नव्हती, त्या घरात जन्म झाला एवढं पुरे. ब्रिटिश मुलखात या संशयाला १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का दिला आणि १९११च्या कायद्याने तो देशभर पसरला. शाहूंनी हजेरी काढली, फासेपारध्यांना तुरुंगाऐवजी कामधंदा दिला. तो कायदा देशातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, म्हणजे कोल्हापूरची हजेरी बंद झाल्यावर चौतीस वर्षं.

धड्यात या माणसांची जागा ठरलेली: राजाने दिलं, त्यांनी घेतलं. हजेरी देणाऱ्याला काय वाटत होतं, त्याचा धंदा कुठला, भाषा कुठली, याला ओळसुद्धा नाही. १९६७मध्ये राज्याची पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती आली आणि राज्यभर एकच पुस्तक झालं. छपाई सुधारली, किंमत आवाक्यात आली. पण भटक्यांचं आणि आदिवासींचं चित्र बरंचसं पोशाख, नाच आणि सणांपुरतंच राहिलं. मेंढरं, घोंगडी, काठी काढली की झाला धनगर!

अपवाद सापडतो तो केंद्राच्या एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात, २००६च्या पुस्तकात. पशुपालकांवरच्या प्रकरणात महाराष्ट्रातले धनगर आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या अंदाजे ४,६७,००० होती असा आकडाही आहे. ऑक्टोबरात बाजरी काढून कोकणाकडे निघायचं, तिथल्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात तांदूळ घ्यायचा, पावसाआधी पुन्हा माथ्यावर. १८७१चा कायदाही त्याच प्रकरणात येतो. इथे माणूस काम करताना दिसतो, हिशेब करताना दिसतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर म्हशी पाळणारे गवळी धनगर राहतात. त्यांची पोरं जातात जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तिथे पुस्तकं बालभारतीची.