गावठाणातील वाढीव घरबांधणी (विदर्भ)

गावठाणातील राहत्या जागेवर मूळ घराखेरीज आणखी एक किंवा अनेक बिऱ्हाडे राहू शकतील असे बांधकाम, आणि त्यास ग्रामपंचायत व शासनाकडून मिळणारी किंवा नाकारली जाणारी परवानगी. जुन्या घरावर मजला चढवणे, सांदवाडीत (घरामागच्या आवारात) भावासाठी वेगळे घर काढणे, रस्त्याकडेला भाड्याच्या खोल्या बांधणे आणि वाडा पाडून सदनिका उभारणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. शहरात अशा अर्जावर भूखंडाचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते तो आकडा) यांची चर्चा आधी होते. विदर्भाच्या खेड्यात त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात : जागा गावठाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, आणि ती कोणत्या कागदाने कोणाची ठरते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वऱ्हाडात आणि जुन्या नागपूर प्रांतात वेगवेगळ्या वाटांनी येतात, म्हणून या नोंदीत इतिहासाला अधिक जागा दिली आहे.

संज्ञा : ‘गावठाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रामस्थान’वरून आला हे मत बहुतेकांना मान्य आहे. वऱ्हाडात (अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ) हाच शब्द कागदोपत्री रूढ आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत जुन्या कागदांवर ‘आबादी’ हा फारसी शब्द आढळतो आणि वयस्क माणसे आजही ‘आबादीतली जागा’ असेच म्हणतात. दोन्ही भागांना समान असलेला देशी शब्द म्हणजे ‘पांढरी’. शेताची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. मराठेकालीन कागदपत्रांत हा शब्द राहत्या जागेबरोबरच तिथे राहणाऱ्या समुदायासाठीही येतो.

पांढरी या नावाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार जुन्या लोकांनी वस्तीसाठी मुद्दाम फिक्या, चुनखडीमिश्रित किंवा मुरमाड मातीचा उंचवटा निवडला. कपाशी-ज्वारीची काळी जमीन घरांखाली घालवायची नाही हा त्यामागचा हिशेब. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर भिंत टिकत नाही. दुसऱ्या मतानुसार रंग आधीचा नसून वस्तीने आणलेला आहे : मातीच्या भिंती, राख, शेण, हाडे, चुना हे सारे पिढ्यान्‌पिढ्या कुजून, विरघळून, एकावर एक साचून माती फिकी होते. पवनी, पौनार, कौंडिण्यपूर आणि कुही तालुक्यातील आडम येथील उत्खनित टेकाडे अशाच वसत्यांच्या थरांनी उंचावलेली आहेत. ओसाड गावांच्या जागची पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची आणि धाब्याच्या छतावर पसरण्याची रीतही या मताला बळ देते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पहिल्या मतातील जमिनीच्या निवडीचा भाग त्याने खोटा ठरत नाही. उंचवट्याच्या निवडीने सुरुवात झाली आणि रंग वस्तीने दिला, असे दोन्ही एकत्र मानता येते. आजच्या बांधकामालाही हा मुद्दा लागू आहे. पांढरीचा भराव भुसभुशीत असल्याने त्यावर स्लॅबची दुमजली इमारत उभी करताना पाया खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा लागतो. गावठाणाबाहेर काळ्या मातीत तो मुरमापर्यंत न्यावा लागतो.

राहत्या जागेचा शेतजमिनीपासून वेगळा विचार बराच जुना आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांतील दानांत जमिनीबरोबर ‘निवेशन’, म्हणजे घराची जागा, असा शब्द येतो. मात्र त्यावरून त्या काळी वस्तीची सीमा मोजून आखलेली होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मोजणीने ठरलेली रेषा ही ब्रिटिशकालीन बंदोबस्ताची, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाची, देणगी.

वऱ्हाड व नागपूर : वऱ्हाड १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले आणि १८६० च्या दशकापासून तिथे मुंबई प्रांताच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याशी ठरवणारी, मोजणी सुरू झाली. या पद्धतीत प्रत्येक शेताला सर्वे क्रमांक मिळाला आणि गावठाण हे त्या क्रमांकांच्या मधोमध उरलेले, आकारणीतून वगळलेले क्षेत्र झाले. पुढे १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा आला तरी मांडणी तीच राहिली.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. तिथल्या बंदोबस्तात मालगुजारांना (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांना) गावाचे मालक मानले गेले, आणि आबादीची जमीनही त्यांच्या मालकीत धरली गेली. कुळाचे घर त्याचे, पण घराखालची माती मालगुजाराची अशी ही विभागणी होती. मध्य प्रांताच्या १९१७ च्या जमीन महसूल कायद्याने गावात शेती करणाऱ्यांच्या आबादीतील घरजागेला संरक्षण दिले. मोकळ्या जागेवर नवे घर काढायचे तर मात्र मालगुजाराचा शब्द लागे. आजच्या परवानगीचा पूर्वज इथे सापडतो.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ही व्यवस्था मोडली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी हक्क, आबादीसह, शासनाकडे गेले. पण कायद्याच्या कलम ५ ने गावठाणाच्या हद्दीतील काही गोष्टी ज्याच्या त्याच्याकडे राखल्या : इमारती, मोबदला देऊन घेतलेल्या मोकळ्या घरजागा, आणि शेतीच्या वा घरगुती वापराची अशी मोकळी आवारे जी १९४८-४९ च्या लगत आधी सलग बारा वर्षे ताब्यात होती. इमारतीखालची आणि तिला लागून असलेली जमीन त्या त्या माणसाच्या नावे शासनाने बसवून द्यायची होती. ‘लागून असलेली जमीन’ या शब्दप्रयोगात किती जागा येते, हा प्रश्न भंडारा-चंद्रपूरकडच्या घरबांधणीच्या वादांत पुन्हा पुन्हा उभा राहतो. बैलांचा कोठा त्यात येतो का? घरामागची सांदवाडी? खळ्याची जागा? मूळ घर पाडून त्याच जागी बांधायला सहसा कोणी हरकत घेत नाही. दुसरे घर सांदवाडीत काढायला घेतले की शेजारी, भाऊबंद किंवा ग्रामपंचायत ‘ही जागा आबादीची, म्हणजे सरकारी’ असे म्हणते. ज्या कुटुंबाने त्या आवाराचा ताबा त्या काळी नोंदवून घेतला, त्याच्या नातवाचे काम आज सोपे जाते. नोंदीअभावी अडलेली कुटुंबे बहुतेक कुळांची आणि मजुरांची असतात, आणि हा अन्याय केवळ कागदाचा आहे हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

विदर्भातील आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने दोन्ही परंपरा एका कायद्याखाली आणल्या. कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. कलम १२६ गावठाणाच्या भूमापनाचे. ही मोजणी बराच काळ दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांपुरती राहिली. त्यामुळे लहान गावांत बाहेरची रेषा नकाशावर, पण आतल्या घरांच्या हद्दी केवळ आठवणीत, अशी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

परवानगी : गावठाणाच्या आतील बांधकामासाठी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम ५२ लागू होते. नवे घर बांधणे व जुने पुन्हा बांधणे या दोन्हींस पंचायतीची परवानगी लागते. मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची सोयही त्यात आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर पुढे आलेल्या बांधकामाविरुद्ध कलम ५३ वापरले जाते. व्यवहारात ओटा, पायरी आणि वरच्या मजल्याचा सज्जा हेच या कलमाचे नेहमीचे विषय आहेत.

गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजना असलेल्या भागात, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. नागपूरभोवतीची सातशेहून अधिक गावे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत गेल्यापासून तिथला अर्ज त्या प्राधिकरणाकडे जातो. शेतजमिनीचा अकृषक वापर हा आणखी एक टप्पा. महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी अकृषक मानण्याची सोय केली. रूपांतर कर व इतर देणी भरावी लागतात, पण स्वतंत्र आदेशासाठी खेटे घालावे लागत नाहीत. या दोनशे मीटरांच्या पट्ट्यात विदर्भात ‘लेआऊट’, म्हणजे विक्रीसाठी आखलेले घरांचे भूखंड, पडतात आणि व्यवहार चौरस फुटांच्या भाषेत होतो. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडण्यावर बंधन घालतो. त्यामुळे शेताचा कोपरा भावाला घरासाठी देण्याचा साधा विचारही या पट्ट्याबाहेर अडखळतो.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने १५० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडांवरील लहान बांधकामांची प्रक्रिया हलकी केली आणि ३०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडांसाठी ती आखूड केली. २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी हेच आकडे १,६०० व ३,२०० चौ. फूट म्हणून सांगितले गेले आणि तिथून एक गैरसमज पसरला. ही मर्यादा भूखंडाच्या क्षेत्राची आहे. ‘सोळाशे फूट बांधकामाला परवानगीच लागत नाही’ अशी गावोगावी सांगितली जाणारी समजूत चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबून चढवलेला मजला पुढे कर्ज घेताना किंवा विकताना अडचणीत आणतो.

रस्त्याची रुंदी ही वरच्या मजल्यांची खरी मर्यादा होय. जुन्या गावठाणातील बोळ बैलगाडी जाण्यापुरते असतात. त्यांत तीन-चार मजली सदनिका बसत नाहीत आणि बसवूही नयेत : आगीचा बंब पोचत नाही, शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ येतो. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा मुद्दा आणखी कठीण आहे. तिथे विंधन विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे वाढीव बिऱ्हाडांचा सगळा भार नळयोजनेवर पडतो. ग्रामसभेत अशा अर्जांवर होणाऱ्या हरकती बहुधा पाणी, सांडपाणी आणि उजेड याच तीन गोष्टींवर असतात. त्यांना भाऊबंदकी म्हणून उडवून लावणे योग्य नाही.

नोंदी : ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही. पटवाऱ्याकडचा ‘८-अ’ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. नावांच्या साम्यामुळे दोहोंचा घोळ नेहमी होतो. नमुना ८ वरील नाव हा कर भरण्याचा पुरावा आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, ही न्यायालयांची भूमिका आहे. तरीही विदर्भातील बहुतेक गावठाणांत घराचा हाच एकमेव कागद असल्याने भाऊ वेगळे झाले की पहिली धडपड नमुना ८ मध्ये घर क्रमांकाची फोड करून घेण्याची असते. अशी फोड झाली की पंचायत दुसऱ्या चुलीला व्यवहारात मान्यता देते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जात असल्याने वाढीव बांधकाम नोंदवण्यात पंचायतीचाही लाभ असतो.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. ज्या सांदवाड्या आणि कोठ्यांच्या हद्दी आजवर तोंडी होत्या त्या प्रथमच नकाशावर आल्या. मोजणीच्या दिवशी घरमालक हजर राहून हद्द दाखवतो की नाही, यावर पुढच्या पिढीची घरबांधणी ठरेल. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांच्या बंद घरांबाबत म्हणून विशेष दक्षता हवी.

सदनिका व घरकुले : खेड्यातील सदनिका ही मुख्यतः तालुक्याच्या गावांलगत, बुटीबोरी-हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहतींभोवती आणि महामार्गावरील मोठ्या गावांत दिसते. भूखंड ५०० चौ. मी. हून मोठा आणि सदनिका आठांहून अधिक असल्यास विकासकाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. गावठाणातील बहुतेक इमारती या मर्यादेखाली राहतात. घेणाऱ्याला मग जमिनीत हिस्सा मिळाला की फक्त नमुना ८ वर नाव चढले, हे त्याने स्वतः तपासावे लागते.

मजल्यावर मजला हा विचार घरकुल योजनांतूनही खेड्यात आला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घराचे किमान क्षेत्र २५ चौ. मी. आहे, आणि जागा नसलेल्या लाभार्थ्यांसाठी राज्याची ५०० चौ. फुटांपर्यंतची जागाखरेदी साहाय्य योजना आहे. २०२० च्या महाआवास अभियानात जागेची टंचाई असलेल्या गावांसाठी बहुमजली घरकुले सुचवली गेली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ही कल्पना सहज पटत नाही. सरपण, कडबा, शेळी, वाळवण यांना जमिनीवरची जागा लागते आणि वरच्या मजल्यावर यांपैकी काहीच जात नाही. जिथे दोन सख्ख्या भावांनी एका पायावर खाली-वर घरे घेतली तिथे ती सुखाने चालतात. परक्या दोन कुटुंबांत गच्ची आणि जिना कोणाचा, हे आधी लिहून ठेवावे लागते.

गोसीखुर्दसारख्या धरणप्रकल्पांनी उठवलेल्या गावांची नवी गावठाणे आखीव रस्त्यांची आहेत, त्यामुळे तिथे मजला चढवणे तुलनेने सोपे जाते. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) व त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम लागू असून जमिनीच्या प्रश्नांत ग्रामसभेचे स्थान अनुसूचित नसलेल्या भागांपेक्षा वरचे आहे. तिथली घरे विरळ, आवारे मोठी; दुसरे घर बहुधा त्याच कुंपणात उभे राहते.