शारजाचे पाच रुपये आणि रियालचा घोळ

आखाती स्मृतिनाण्यांच्या संग्रहात एक वाद अजून मिटलेला नाही. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, फुजैरा आणि रास अल खैमा या आज संयुक्त अरब अमिरातीत असलेल्या अमिरातींच्या नावाने १९६९-७० च्या सुमारास निघालेल्या चांदीच्या रियालना नाणी म्हणायचं की पदकं?

या किनाऱ्यावर चांदीचा पैसा बाहेरूनच यायचा. मारिया तेरेसाचा थेलर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणीचं चांदीचं नाणं, मस्कतच्या बाजारात चालायचा. त्यावर साल कायम १७८०, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो मुंबईच्या टाकसाळीतही पाडला गेला. रोजचा व्यवहार मात्र आपल्या रुपयात. चोरट्या सोन्यापायी भारताचं परकीय चलन गळू लागलं, म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला, शारजात रुपयाच राहिला.

म्हणूनच शारजाचं १९६४ चं केनेडी-नाणं मला फार मोलाचं वाटतं. दर्शनी किंमत ५ रुपये, वजन २५ ग्रॅम, कस ७२० (हजार भागांत ७२० भाग चांदी), म्हणजे निव्वळ चांदी १८ ग्रॅम. एका बाजूला केनेडींचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एकमेकांवर तिरके धरलेले दोन झेंडे. माझ्याकडच्या नाण्याच्या कडेला तपकिरी-निळी झाक चढली आहे आणि ती मी कधीच पुसणार नाही. हे नाणं संग्राहकांसाठीच काढलं होतं, यात शंका नाही. पण त्यावरचा ‘रुपया’ त्या वर्षी शारजाच्या दुकानात खरोखर चालत होता.

रियालचं तसं नाही. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आखाताने रुपयाकडे पाठ फिरवली. अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. बाकीच्या अमिरातींत काही काळ सौदी रियाल चालला, मग कतार आणि दुबईने मिळून काढलेला रियाल आला. आता घोळ बघा. या संयुक्त चलनात सगळ्यात मोठं नाणं ५० दिरहमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं, तेही तांबं-निकेलचं. अख्खा रियाल म्हणजे नोटच. मग अजमानच्या ‘५ रियाल’मधला रियाल कोणता? नाव तेच, पण ती नाणी संयुक्त चलन काढणाऱ्यांची नव्हती. ती निघाली अमिरातीच्या नावाने, आणि ग्राहक होते परदेशी संग्राहक. त्याच काळात या अमिरातींची टपाल तिकिटंही याच वाटेने जगभर गेली. कसही एकसारखा नाही. अजमानच्या काही नाण्यांत ६४० चा, फुजैराची मात्र शुद्ध चांदीची. विषय तर बहुतेक दूरचे: फुजैरावर अपोलो मोहिमा आणि म्युनिक ऑलिंपिक, रास अल खैमावर फुटबॉल, शारजावर नेपोलियन आणि बोलिव्हार.

काही जुने संग्राहक ही नाणी ‘पदकं’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. दर्शनी किंमत आहे, काढणाऱ्या अमिरातीचं नाव आहे, छापील सूचीतही ती नाणी म्हणूनच येतात. नाणं म्हणा, फक्त ‘चलन’ म्हणू नका. हा फरक सांगायलाच हवा, कारण आपल्याकडे नवख्यांना ती ‘दुर्मीळ अरबी चलन’ म्हणून विकली जातात आणि चांदीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे घेतले जातात.

त्याच सुमाराचं, १९६८ चं बहरीनचं ५०० फिल्सचं नाणं शेजारी ठेवून पाहा. निमित्त घरचं, इसा टाउन या नव्या वसाहतीचं उद्घाटन. दिनार स्वतःचा आणि फिल्स (दिनारचा हजारावा भाग) रोजच्या वापरातले.

१९७१ मध्ये संघराज्य झालं, १९७३ मध्ये दिरहम आला आणि अमिरातींचे वेगळे रियाल संपले. त्यानंतरच्या आखाती स्मृतिनाण्यांचा तोंडवळाच बदलला. ओमानने सत्तरच्या दशकात वन्यजीव संरक्षणासाठी काढलेल्या नाण्यांवर स्थानिक ओरिक्स हरीण आणि कॅराकल रानमांजर आले. संयुक्त अरब अमिरातीने १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय बालक वर्षानिमित्त ५० दिरहमचं चांदीचं नाणं काढलं. पुढे बँकांचे, संस्थांचे, विद्यापीठांचे वर्धापनदिन आले. यातली बरीच ५० दिरहमची नाणी ४० ग्रॅमची आणि ९२५ कसाची, म्हणजे निव्वळ चांदी ३७ ग्रॅम. भाव करताना आधी हा आकडा त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणावा आणि डबी व प्रमाणपत्राचे पैसे त्यानंतर बोलावेत.