परदेशातली फी कोण भरतं? बडोद्याच्या करारापासून सांगलीच्या तारणापर्यंत

सातारा-सांगलीकडच्या घरात परदेशी विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं की पहिल्या आठवड्यातच घराचा उतारा आणि वडिलांची आयकर विवरणपत्रं शोधायला सुरुवात होते. पैसा कुणाचा आणि तारण काय, हे दोन प्रश्न मात्र इथे शंभर वर्षांहून जुने आहेत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये पडत. हिशेब महिन्याला सुमारे १७२ रुपयांचा होतो. तारण म्हणून जमीन किंवा घर द्यायचं नव्हतं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज अशी जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिथला त्यांचा प्रबंध रुपयाच्या मूल्यावरच होता. शिष्यवृत्ती, स्वतःची बचत आणि कर्ज यांची ही मोट आजही बहुतेकांना बांधावी लागते. शिष्यवृत्तीची मुदत अभ्यासक्रमाआधी संपत नाही ना, हेही तेव्हाइतकंच आज तपासावं लागतं.

दुसरी वाट घरच्या पैशाची. किर्लोस्करवाडीहून शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२६ मध्ये एमआयटीतून इंजिनिअर होऊन परतले. पाठीशी घरचा कारखाना होता. ज्यांना संस्थानिकाचा आश्रय नव्हता आणि कारखानाही नव्हता, त्यांच्यासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये निधी उभा केला होता. त्यातून मिळे ती परतफेडीची मदत, म्हणजे कर्ज-शिष्यवृत्ती. शैक्षणिक कर्ज ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर वाट अडली ती परकीय चलनापाशी, कारण फी तेव्हा तुलनेने कमीच होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. १९७३ च्या फेरा या परकीय चलन कायद्याने चलनावरचा पहारा आणखी कडक केला. त्यामुळे त्या पिढीतले बहुतेक जण सरकारी किंवा यजमान देशाच्या पैशावर गेले. भारत-अमेरिका फुलब्राइट करार १९५० चा, अनुसूचित जाती-जमातींसाठीची केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ ची आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ ची. कोलंबो योजनेतून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांकडे तो देश मदतीचा भाग म्हणून पाहत होता, गिऱ्हाईक म्हणून नव्हे.

ही नजर बदलली ती ब्रिटनमध्ये. १९६७ मध्ये तिथे पहिल्यांदा दोन दर झाले. स्थानिकांना सुमारे ७० पौंड, परदेशी विद्यार्थ्यांना २५०. तरीही खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश करदाताच उचलत होता. १९७९ मध्ये थॅचर सरकारने ते अनुदान काढून घेण्याचं जाहीर केलं आणि १९८० च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण खर्चाइतकी फी लागू झाली. आज जो आकडा पाहून आपण दचकतो, त्याचं मूळ या निर्णयात आहे. टीका वाढल्यावर १९८३ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने जी शिष्यवृत्ती सुरू केली, तीच पुढे चेव्हनिंग म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे आधी सर्वांना मिळणारी सवलत गेली, मग निवडक लोकांसाठी शिष्यवृत्ती आली. हाच क्रम पुढे इतर देशांतही दिसतो. ऑस्ट्रेलियाने १९८० च्या दशकाच्या मध्यावर पूर्ण फीची परवानगी दिली आणि १९९० पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना ती सक्तीची केली. मग युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ मध्ये फी लावली.

जर्मनी फुकट आहे, हे वाक्य कराड-मिरजेच्या कॉलेजांत अजून सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. सरकारी विद्यापीठांतली सर्वसाधारण फी २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांतून गेली खरी, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी, अभ्यासक्रमानुसार, सत्राला २,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली. राज्य आणि विद्यापीठ पाहिल्याशिवाय हिशेब मांडू नये. शिवाय फी नसली तरी राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम ११,९०४ युरो झाली. हे पैसे आपलेच असतात, पण तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. घरभाड्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचा सामानसुमानाचा खर्च त्यात बसत नाही. तेवढी रक्कम वेगळी न्यावी.

आपल्या बाजूने दार उघडलं ते १९९१ नंतर. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना सुरू केली. कर्ज योजनेचा सांगाडा आजही ओळखीचा आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाची हमी, त्यावर मालमत्तेचं किंवा ठेवीचं तारण. परदेशासाठी १५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला वाटा, स्वतःचा. एकट्या फीसाठीच वीस-पंचवीस लाख लागू लागले आणि सगळा भार तारणावर आला. आपल्याकडची प्रकरणं नेमकी इथेच अडतात.

वाळवा, पलूस, फलटण, कराड भागात घराकडे बागायत जमीन असते, पण शेतजमिनीला २००२ चा सर्फेसी कायदा लागू होत नाही. कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याने वसुली करता येत नाही, म्हणून कोटीची जमीन असली तरी बँका शैक्षणिक कर्जाला सहसा ती धरत नाहीत. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव मागतात. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद असतो, मालकीचा नव्हे; मालकी दाखवणारी मिळकत पत्रिका निघाली असेल तरच बोलणं पुढे जातं. सांगली-मिरजेत गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले, प्लॉट पुष्कळ, आणि नियमितीकरण झालं नसेल तर बँकेचा वकील ते परत पाठवतो. घर वडिलोपार्जित असेल तर आत्या आणि बहिणींची नावं, त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. सर्च रिपोर्ट, मूल्यांकन आणि ही नावं यांत दोन-तीन महिने सहज जातात, तर विद्यापीठाची डिपॉझिटची मुदत बहुधा त्याआधीच उलटते. ऑफर यायची वाट न पाहता उतारे आधीच काढून ठेवावेत.

शेती उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेक ऊस किंवा द्राक्ष बागायतदारांची विवरणपत्रंच नसतात. मग सहकर्जदाराची परतफेडीची क्षमता दाखवायला कारखान्याची बिलं आणि ती जमा झालेल्या खात्याचे उतारे लागतात. तारणच नसेल तर बिगरबँक वित्तसंस्था कर्ज देतात, पण व्याज जास्त असतं आणि बऱ्याचदा ते शिकत असतानाच भरावं लागतं. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. जागा ७५, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. त्यासाठी विनाअट ऑफर लागते. पदवीचं शेवटचं गुणपत्रक उशिरा आल्यामुळे ऑफर सशर्त राहिली की अर्ज तिथेच थांबतो.

व्हिसाचा टप्पा वेगळा. ब्रिटनसाठी स्वतःची रक्कम दाखवायची तर ती सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. खातं देशाच्या नियामकाखालच्या संस्थेत असावं लागतं. आपल्याकडे घरोघरी पतसंस्थेत ठेवी असतात, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात. ती ठेव मोडून बँकेत आणायचं काम अर्जाच्या दीड-दोन महिने आधी उरकावं. एकदम आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारला जाऊ शकतो, म्हणून ठेव मोडल्याची पावती जपून ठेवावी.

रुपयाचा प्रश्न १९२० सारखाच उभा आहे. कर्ज रुपयांत मंजूर होतं, फी पौंडात जाते. २०,००० पौंडांची फी पौंडाला १०० रुपये धरून २० लाखांत बसवली आणि हप्ता भरताना दर ११० झाला, तर २ लाख कमी पडतात आणि बँक मंजूर रकमेपलीकडे आपोआप देत नाही. मंजुरीच्या वेळीच पाच-दहा टक्के वाढीव रक्कम अंदाजपत्रकात घालून मागावी. एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपुढे पाठवलं तर तो कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण हप्ता भरण्याच्या दिवशी तेवढी रक्कम हातात असावी लागते.