पुरचुंडीतला वाळा आणि कपाटातली हवा

पैठणीच्या किंवा शालीच्या घडीत ठेवायची सुगंधी पुरचुंडी घरी शिवताना बहुतेकांचे लक्ष कापडाकडे असते. वास किती दिवस टिकेल हे मात्र आत काय भरले आहे यावर ठरते. पदार्थातून सुटलेले रेणू हवेवाटे नाकापर्यंत पोचले की आपल्याला वास येतो. यांतले हलके रेणू चटकन उडून जातात, जड रेणू रेंगाळतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन किंवा लव्हेंडरमधील लिनालूल यांच्या रेणूत कार्बनचे १० अणू असतात, तर वाळ्याच्या मुळांतील खुसिमॉल आणि पाचीच्या पानांतील पॅचुलॉल यांच्या रेणूत १५. फरक पाचच अणूंचा, पण त्यामुळे बाष्पीभवनाचा वेग कितीतरी पटींनी घटतो. उटण्यातला नागरमोथाही याच जड गटातला. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा त्यांच्या घड्यांत पाचीची सुकी पाने घातलेली असत आणि तिकडचे गिऱ्हाईक त्या वासावरूनच शाल अस्सल असल्याचे ओळखत असे.

वास बाहेर यावा म्हणून विरळ, जाळीदार कापड हवे, हा समज चुकीचा आहे. गंधाचा रेणू साधारण एका नॅनोमीटरचा असतो आणि दाट सुती विणीतल्या फटीही त्याच्या हजारो पट मोठ्या असतात. विरळ कापडातून गळतो तो भुगा. म्हणून आतली पिशवी धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाची आणि वरची हवी तर खणाची करावी. खळ राहिली तर तीच खायला कसर येते. धावदोऱ्यापेक्षा उलटटीप घट्ट बसते. तीन बाजू शिवून, पिशवी उलटवून पाऊण भरावी, कारण ठासून भरलेल्या पुरचुंडीच्या मध्यभागी हवा खेळत नाही.

वाळा कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापावा, कुटू नये. पूड केली की हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. पहिले काही दिवस वास दरवळतो आणि मग लवकर सरतो. मुळे पूर्ण सुकलेली हवीत, नाहीतर पावसाळ्यात कोकणासारख्या दमट हवेत कपाटाला बुरशीचाच वास यायचा. बंद कपाटातली हवा गंधरेणूंनी भरत आली की बाष्पीभवन आपोआप मंदावते आणि दार उघडले की पुन्हा वेग घेते. त्यामुळे क्वचित उघडल्या जाणाऱ्या कपाटात पुरचुंडी अधिक टिकते. वास गेला असे वाटले तर ती हाताने चुरावी. मुळे मोडून नवा पृष्ठभाग उघडा पडतो.

वाळ्याऐवजी कापूर भरणारेही पुष्कळ आहेत. कापूर घनरूपातून थेट वाफ होतो आणि मागे काही उरत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. डांबरगोळीतले नॅप्थलीनही असेच उडते; मात्र ही दोन्ही कधीही एकत्र ठेवू नयेत. कापूर सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि नॅप्थलीन ८० अंशांना, पण दोहोंच्या मिश्रणाचा वितळणबिंदू तिशीच्या आसपास उतरू शकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याचे तेलकट पाणी होऊन भरजरी पदरावर डाग पडायला वेळ लागणार नाही. शिवाय नॅप्थलीनची वाफ तान्ह्या मुलांना, विशेषतः जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना, घातक ठरू शकते. बाळाचे कपडे त्यापासून दूरच ठेवावेत.

राहता राहिला कसरीचा प्रश्न. लोकर पतंग खात नाही, त्याची अळी खाते. पुरचुंडीच्या वासाने पतंग थोडाफार दूर राहत असेल, पण घडीत आधीच घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. संग्रहालयांत लोकरी वस्तू प्लास्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांना किंवा त्याहून खाली काही दिवस ठेवतात. घरी निदान शाल स्वच्छ धुऊन, झटकून, उन्हात पूर्ण वाळवूनच आत ठेवावी, कारण घामाचे आणि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर अळ्या अधिक पोसतात.